झाकलेली बाग का बिघडली: लिंगमळ्यातल्या गुलाबांचा एक हिवाळा

महाबळेश्वरच्या लिंगमळा भागात, ओढ्याकडे उतरत जाणाऱ्या जमिनीवर एक जुना बंगला आहे. मालक निवृत्त, मूळचे साताऱ्याचे. बाग मात्र काकूंची. उताराला तीन टप्पे पाडून त्यांनी गुलाब लावलेत. वरच्या टप्प्यावर, ओट्यालगत, फ्लोरिबंडा, म्हणजे झुपक्यानं फुलणारे गुलाब, त्यातही 'आइसबर्ग' जास्त. मधल्या टप्प्यावर 'ग्लॅडिएटर', 'डबल डिलाइट', 'पीस' अशी हायब्रीड टी, म्हणजे लांब दांड्यावर मोठं फूल देणारी. खालच्या टप्प्यावरही हायब्रीड टीच, पण अलीकडे लावलेली. त्या टप्प्याच्या पलीकडे छातीएवढी दगडी भिंत आणि भिंतीला चिकटून घाणेरीचं दाट कुंपण. सगळी झाडं रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरलेली कलमं आहेत: खाली रानगुलाबाची मुळं, वर हव्या त्या जातीचा बसवलेला डोळा, आणि दोन्ही जुळतात तिथे जोड. हा तपशील पुढे लागणार आहे.

जानेवारीच्या सुरुवातीला काकूंचा फोन आला. "थंडीनं बाग गेली हो. एवढं झाकलं, माती चढवली, तरी गेली." सातारा-सांगली पट्ट्यात गुलाबाची बाग थंडीनं गेली असं कुणी म्हटलं की मी आधी थोडा थांबतो. आपल्याकडे गुलाबाचा खरा हंगामच हिवाळा. पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांनी पानं झडतात, एप्रिल-मेमध्ये फुलं लहान होतात आणि पाकळ्या करपतात. भरदार, रंगानं गडद, चार दिवस टिकणारी फुलं मिळतात ती डिसेंबर-जानेवारीतच. पण लिंगमळा म्हणजे सातारा शहर नव्हे. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात कडाक्याच्या पहाटे दवबिंदू गोठतात, स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण दिसतात. त्यामुळे तक्रार खोटी नव्हती. प्रश्न एवढाच होता की बागेचं जे नुकसान झालं होतं, त्यातलं थंडीनं किती केलं?

आधी काय काय झालं होतं

काकूंची मुलगी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहते आणि तीही गुलाब लावते. नोव्हेंबरमध्ये तिनं व्हिडिओ कॉलवर आईला आपली हिवाळ्याची तयारी दाखवली. तिकडे पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरू शकतो. डोळ्याचा जोड वाचावा म्हणून झाडाच्या बुडाशी फूटभर माती चढवतात, वर पानांचा किंवा पेंढ्याचा थर देतात. काही जण तर झाडाची एका बाजूची मुळं मोकळी करून आख्खं झाड चरात आडवं पाडतात आणि मातीखाली गाडून टाकतात. 'मिनेसोटा टिप' या नावानं ही पद्धत तिकडे ओळखली जाते. हे झाकण वसंतापर्यंत हलवायचं नसतं.

मुलीनं सांगितलं ते तिच्या गावासाठी अगदी बरोबर आहे. तिथे गुलाबानं पानं टाकलेली असतात, फांद्या पक्व झालेल्या असतात, झाड पूर्ण सुप्तावस्थेत असतं. मातीचा ढीग त्याला ऊब देण्यासाठी नसतोच. गोठणं आणि वितळणं यांचा वारंवार फेरा बसू नये, थंडी एकसारखी राहावी, झाड वेळेआधी जागं होऊ नये, यासाठी तो असतो. महाबळेश्वरात डिसेंबरचा दिवसही अकरा तासांचा असतो आणि दुपारचं ऊन चांगलं चटका देणारं. इथला गुलाब झोपत नाही. वाढ मंदावते, पण मुळं पाणी ओढत असतात, डोळे फुटत असतात. त्या जाग्या झाडाला काकूंनी झोपलेल्या झाडाचे उपचार दिले. मनापासून दिले, खर्च करून दिले.

मधल्या आणि खालच्या टप्प्यावर प्रत्येक झाडाला फूटभर मातीचा ढीग, त्यावर भाताच्या पेंढ्याचा जाड थर आणि वरून पारदर्शक प्लास्टिक, खाली सुतळीनं खोडाला आवळलेलं. हे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केलं. पाणी नेहमीसारखं, एक दिवसाआड, संध्याकाळी पाइपनं. वरचा टप्पा ओट्याजवळ म्हणून उघडाच ठेवला. नाताळच्या सुमाराला प्लास्टिकखालची पानं गळू लागली, तेव्हा घाबरून दोन्ही टप्प्यांवरचं सगळं प्लास्टिक एकदम काढून टाकलं. त्यानंतर दोन-तीन निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री आल्या आणि खालच्या टप्प्यावरचे शेंडे काळे पडले.

आणखी एक गोष्ट काकूंनी सहज बोलता बोलता सांगितली, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. वरच्या दोन टप्प्यांची छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस ओसरताच झाली होती. खालच्या टप्प्याची राहून गेली. घरात लग्न होतं, माळी गावाला गेला होता. ती छाटणी झाली नोव्हेंबरच्या शेवटी.

बागेत काय दिसलं

बंगल्याचे माळी तासगावकडचे. तरुणपणी द्राक्षबागेत राबलेले, त्यामुळे रोग ओळखायची नजर तयार. मधल्या टप्प्यावर त्यांनी एक पान उलटं करून माझ्यासमोर धरलं. "साहेब, मी काकींना आधीच म्हणलं होतं. ह्यो थंडीचा जाळ न्हाई. आमच्याकडं द्राक्षाला डावणी येती, तसलंच कायतरी हाय हे."

त्यांचं निदान बरोबर होतं. द्राक्षाची आणि गुलाबाची डावणी करणाऱ्या बुरश्या वेगवेगळ्या, पण कुळ एक आणि आवडीनिवडीही त्याच: गारवा, कोंदट हवा, पानावर तासन्‌तास टिकलेला ओलावा. पानावर जांभळट-तांबूस, शिरांच्या कडेनं कापल्यासारखे कोनाकोनाचे डाग होते. खालच्या बाजूला भिंगातून पाहिल्यावर राखाडी, विरळ बुरशी दिसत होती. फांदीला हलका धक्का दिला की हिरवी पानंसुद्धा टपाटप गळत. थंडीनं जळलेलं पान असं गळत नाही, ते काळं होऊन फांदीला लोंबत राहतं. दुसरा पुरावा असा की डाग झाडाच्या मध्यावर आणि खालच्या पानांवर जास्त होते. हिमकणांचा मार आधी बसतो तो आकाशाकडे उघड्या असलेल्या शेंड्यांना.

खालच्या टप्प्यावर मात्र खरा हिमकणांचाच मार होता. नोव्हेंबरअखेर छाटलेल्या झाडांना डिसेंबरच्या शेवटी तांबूस, लुसलुशीत फूट आली होती, वीतभर लांबीची. ती सगळी काळी पडून खाली मान टाकून होती. एका झाडावर आदल्याच पहाटे मार बसलेला शेंडा मिळाला. त्याची पानं अजून हिरवी होती, पण तो हिरवा रंग गडद, काचेसारखा आरपार दिसणारा, पाण्यात भिजून फुगल्यासारखा. बोटात धरल्यावर पान दबलं ते दबलेलंच राहिलं. पेशींच्या मधल्या पोकळीत बर्फ धरतो, तो पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतो, पेशीचे पापुद्रे फाटतात आणि ऊन लागलं की सगळं लिबलिबीत होतं. त्याच झाडाच्या गेल्या वर्षीच्या पेन्सिलएवढ्या जाड फांद्यांना काही झालं नव्हतं. नखानं साल खरवडली की खाली हिरवंगार.

तिसरं नुकसान वरून दिसतच नव्हतं. मातीचे ढीग हातानं उकरले तेव्हा आतली माती चिकट ओली होती. पेंढ्यामुळे ऊन पोहोचत नव्हतं आणि एक दिवसाआड पाणी मुरत होतं. अनेक झाडांची साल जोडाजवळ मऊ, तपकिरी झाली होती, काहींची तर बोटानं निघून आली. दोन-चार झाडांना जोडाच्या वरून पांढरी मुळं फुटायला लागली होती. मिनेसोटात तो ढीग गोठून दगडासारखा होतो, त्यात काही कुजत नाही. आपल्याकडे ओल्या मातीत बुरशी वर्षभर कामाला लागलेली असते, आणि जोड हा कलमाचा सगळ्यात नाजूक भाग.

म्हणजे ज्याला घरात 'थंडीनं जळणं' हे एकच नाव पडलं होतं, ती तीन वेगळी दुखणी होती. त्यातली दोन झाकणामुळे झालेली. तिसरं, म्हणजे हिमकणांचा मार, झाकणानं टाळता आलं असतं. पण ज्या रात्री झाकणाची गरज होती त्याच रात्री झाडं उघडी होती, आणि ज्या दिवसांत नव्हती त्या दिवसांत ती आवळून ठेवलेली होती.

खालच्याच टप्प्यावर का?

ओट्यावर भिंतीला टांगलेला पारा त्या दिवसांत पहाटे सहा-सात अंश दाखवत होता. काका त्यावरूनच म्हणत होते, "सहा अंशात बर्फ कसा होईल?" त्यांची शंका रास्त होती. म्हणून रात्री खालच्या टप्प्यावर, जमिनीलगत, एका पसरट थाळीत पाणी भरून ठेवलं आणि शेजारी दुसरा थर्मामीटर. पहाटे ओट्यावर पारा सहाच्या आसपास होता. खाली तो शून्याला टेकला होता आणि थाळीतल्या पाण्यावर दुधावर साय धरावी तसा पातळ पापुद्रा. काकांनी तो बोटानं मोडून पाहिला आणि मग काही बोलले नाहीत.

निरभ्र रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता सरळ आकाशात टाकत असतात. ढग असले की ती अडते, वारा असला की वरची उबदार हवा खाली मिसळते. ढगही नाहीत, वाराही नाही आणि हवा कोरडी, अशा रात्री पानाचं तापमान आजूबाजूच्या हवेपेक्षाही खाली जातं. त्यात गार हवा जड. ती उतारावरून सावकाश खाली वाहते आणि जिथे अडते तिथे साचते. या बागेत ती दगडी भिंतीपाशी आणि घाणेरीच्या कुंपणापाशी अडत होती. थंड हवेला बंधारा घातल्यासारखं झालं होतं आणि नवी, कोवळी झाडं नेमकी त्या साठ्यात उभी होती. आडोसा मिळेल म्हणून काकूंनी ती जागा निवडली होती. वाऱ्यापासून आडोसा खराच मिळत होता, पण या प्रकारच्या थंडीत वारा हा गुलाबाचा मित्र असतो.

पेंढ्यानंही भर घातली. दिवसभर उन्हानं तापलेली ओलसर माती रात्री ती ऊब सोडते आणि जमिनीलगतच्या फांद्यांना तिचा आधार मिळतो. कोरड्या पेंढ्याचा जाड थर असला की दिवसा ऊन मातीत शिरत नाही आणि रात्री मातीतली ऊब वर येत नाही. उन्हाळ्यात पाणी वाचवण्यासाठी आच्छादन मी स्वतः सगळ्यांना सांगतो, पण हिमकण पडणाऱ्या जागी डिसेंबर-जानेवारीत ते बाजूला सारलेलं बरं. खोडाला आवळलेल्या प्लास्टिकचाही तोच दोष. ते झाडाला जमिनीपासून तोडतं, आणि रात्रीची सगळी ऊब तर जमिनीतच असते. शिवाय प्लास्टिक जिथे पानाला चिकटतं तिथे ते पान हमखास जळतं.

काय केलं

पहिल्या दिवशी कात्रीला हातच लावला नाही. काळे शेंडे बघवत नव्हते, काकूंना ते लगेच छाटून बाग स्वच्छ करायची होती. पण जानेवारी अख्खा पुढे होता. आत्ता छाटलं तर खालचे डोळे जागे होतील, पुन्हा कोवळी फूट येईल आणि पुढच्या निरभ्र रात्री तीही जाईल. जळालेला शेंडा कुरूप दिसतो, पण खालच्या भागाला तो थोडा आडोसाही देतो. काकूंना हे पटायला वेळ लागला. रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या खालच्या टप्प्यावर जायच्या आणि कात्री घरात ठेवून आल्याचं मला फोनवर सांगायच्या.

मातीचे ढीग त्याच दिवशी उतरवले. जोड पूर्ण मोकळे केले, मऊ साल चाकूनं खरवडून निरोगी भागापर्यंत आणली आणि तिथे बोर्डो पेस्ट लावली: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, या प्रमाणात थोडी थोडी. पेंढा उचलून बाजूला रचला. डावणी लागलेल्या पानांचा खच गोळा करून जाळला, कंपोस्टात टाकला नाही. मधल्या टप्प्यावर मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्र बुरशीनाशक पुड्यावर छापलेल्या मात्रेत, पानाच्या खालच्या बाजूला पोहोचेल असं फवारलं. माळ्यांनी बोर्डोचीच फवारणी सुचवली होती, द्राक्षाच्या सवयीनं. पण गार, सावकाश सुकणाऱ्या हवेत तांबं गुलाबाच्या पानाला भाजतं, म्हणून बोर्डो फक्त खोडापुरतं ठेवलं.

पाण्याची वेळ बदलली. संध्याकाळऐवजी सकाळी दहा-अकराला, आळ्यात, पानं न भिजवता. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब साठवते, म्हणून ज्या दिवशी रात्र निरभ्र राहील असं दिसेल त्या दिवशी खालच्या टप्प्याला पाणी नक्की द्यायचं ठरलं.

झाकणासाठी बाजारातून आणलेली जुनी किंतानं वापरली. बांबूच्या कामट्या कमानीसारख्या रोवून त्यावर किंतान टाकायचं, कडा जमिनीला टेकलेल्या आणि दगडानं दाबलेल्या, कापड पानाला कुठेही न लागलेलं. सूर्य मावळताना घालायचं आणि उन्हं वाफ्यावर आली की काढायचं. स्ट्रॉबेरीवाले वापरतात ते पांढरं क्रॉप कव्हरही चालतं, वजनाला हलकं असल्यामुळे सोयीचंही. पण तेही दिवसा काढायलाच हवं. आणि रोज रात्री झाकायचं नाही. संध्याकाळी ढग असतील किंवा वारा वाहत असेल तर किंतान तसंच घडी करून ठेवायचं. माळ्यांनी हे लगेच आत्मसात केलं. त्यांची खूण सोपी होती: अंधार पडल्यावर चांदण्या लखलखीत आणि पान हलत नाही, म्हणजे आज झाकायचं.

शेजारच्यांनी धूर करायला सुचवलं होतं. मी नको म्हटलं. धुराचा पडदा उष्णता फारशी अडवत नाही. शेकोटीजवळच्या झाडांना जी ऊब लागते ती विस्तवाची, धुराची नव्हे, आणि एवढ्याशा बागेत फांद्या भाजण्याचीच भीती जास्त. तुषार सिंचनाचाही विचार झाला. पाणी गोठताना उष्णता सोडतं, एका ग्रॅममागे 80 कॅलरी, त्यावरच ती पद्धत चालते. पण एकदा सुरू केलं की बर्फ वितळेपर्यंत ते क्षणभरही थांबवता येत नाही. पहाटे वीज गेली तर नुसतं ओलं झाड जास्तच गारठतं. लिंगमळ्यात विजेच्या भरवशावर असा डाव मांडू नये.

कायमचा उपाय भिंतीत होता. काकांना भिंत पाडायची नव्हती, तशी गरजही नव्हती. उताराच्या सगळ्यात खोल कोपऱ्यात जमिनीलगतचे दगड काढून दोन हात रुंदीची वाट केली, तिथे लोखंडी जाळी बसवली आणि त्यासमोरची घाणेरी मुळासकट काढली. गार हवेला ओढ्याकडे उतरायला रस्ता मिळाला. त्यानंतरच्या एका निरभ्र पहाटे थाळीतलं पाणी गोठलं नव्हतं, आणि ओट्यावरचा पारा मात्र आधीइतकाच खाली होता. एका पहाटेवरून छातीठोकपणे सांगणं बरोबर नाही, तरी थाळी यापुढेही ठेवायची असं काकांनी आपणहून ठरवलं आहे.

पुढे काय झालं

जानेवारीच्या मध्यावर वरच्या टप्प्यावरच्या 'आइसबर्ग'वर भुरी, म्हणजे पानावर पिठासारखी पसरणारी पांढरी बुरशी, आली. पहाटे गारवा आणि दमट हवा, दुपारी कोरडं ऊन, हा भुरीचा आवडता काळ. डावणीला पानावर पाणी लागतं, भुरीला लागत नाही, किंबहुना साचलेल्या पाण्यात तिचे बीजाणू नीट रुजतच नाहीत. म्हणून दोन्ही रोगांना एकच औषध मारत बसू नये. पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम, सकाळच्या वेळी फवारलं आणि आतल्या दाट फांद्या थोड्या विरळ केल्या. तेवढ्यावर भुरी आटोक्यात आली. इथे मोठं असं काही घडलं नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, रात्रीचा गारठा मोडल्यावर, खालच्या टप्प्यावर कात्री चालवली. प्रत्येक फांदी नखानं खरवडत खाली यायचं, हिरवं लागलं की त्याखालच्या बाहेर तोंड केलेल्या डोळ्यावर पाव इंच सोडून तिरपा काप घ्यायचा. बहुतेक झाडं वीत-दीड वीत खाली जिवंत निघाली आणि मार्चमध्ये फुटली. हिमकणांनी एकही झाड पुरतं मेलं नाही. जी मेली ती मधल्या टप्प्यावरची, जोडाशी कुजलेली. त्यांत काकूंचा लाडका जुना 'पीस' होता. त्याच्या बुडाशी रानगुलाबाची फूट जोमानं वर आली होती, सात-सात पानांची. काकूंना वाटलं झाड वाचलं. ती फूट खुंटाची आहे, तिला कधीच 'पीस'चं फूल येणार नाही, हे त्यांना सांगणं या सगळ्या कामातलं मला सगळ्यात जड गेलं.

तो खुंट आम्ही उपटला नाही. मुळं निरोगी होती. मुलीनं आईला पुन्हा व्हिडिओ कॉल केला तेव्हा मी तिथेच होतो. तिनं विचारलं की तिच्याकडे जोड जमिनीखाली दोन-तीन इंच पुरतात, तुमच्याकडे किती? आमच्याकडे चार बोटं वर, मी सांगितलं. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या छाटणीबरोबरच, शेजाऱ्यांच्या 'पीस'चा डोळा आणून त्याच खुंटावर भरायचं ठरलं आहे, आणि खालच्या टप्प्याची छाटणीही या वर्षी वरच्या दोन टप्प्यांच्या दिवशीच होणार आहे.